अक्षर, कळ आणि शिक्षक : महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षकाच्या डिजिटल साक्षरतेचा पूर्वेतिहास व इतिहास

१

'साक्षर' ह्या शब्दाची फोड शाळेतील मूलही करू शकेल. जो अक्षरासह आहे तो साक्षर. गेल्या पंचवीस वर्षांत ह्या जुन्या शब्दाला 'संगणक', 'डिजिटल', 'अंकीय' अशी विशेषणे लागली. त्यांपैकी 'अंकीय साक्षरता' ही संज्ञा परिभाषेच्या दृष्टीने निर्दोष असली, तरी पहिलीच्या वर्गावर अंकओळख घेणाऱ्या शिक्षकाच्या कानाला तिचा अर्थ भलताच लागतो. म्हणूनच की काय, व्यवहारात 'डिजिटल' हा परका शब्दच टिकून राहिला. संज्ञेचा हा वाद येथे वाढविण्याचे कारण नाही. विचारात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. विशेषण जोडले गेले, पण ते जोडताना मूळ शब्दातील अक्षर हळूहळू दृष्टीआड झाले. यंत्र सुरू करता येणे, माहितीचे रकाने भरता येणे, संकेतस्थळ उघडता येणे ह्या कौशल्यांस साक्षरतेचे नाव मिळाले. आणि ज्याच्याकडे मुलाच्या हाती पहिले अक्षर देण्याचे काम आहे, त्या शिक्षकाने तेच अक्षर यंत्राच्या पडद्यावर कसे आणावयाचे, हा प्रश्न टंकलेखकाचा म्हणून बाजूला पडला.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी संगणकाच्या आगमनापासून आरंभ करून भागत नाही. महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षकाला नवे लेखनसाधन आत्मसात करण्याची पाळी पूर्वीही एकदा आली होती. त्या प्रसंगाचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गावोगावी चालणाऱ्या पंतोजींच्या शाळांत छापील पुस्तक जवळजवळ नव्हते. धूळपाटीवर अक्षर गिरवावयाचे, पाढे, पावकी, निमकी तोंडपाठ म्हणावयाची, आणि पुढे मोडी लिहिण्यावाचण्याचा सराव करावयाचा, असा तेथील क्रम होता. व्यवहार, वसुली, पत्रव्यवहार हे सारे मोडीत चाले. तेव्हा शाळेने मोडी शिकविणे हे स्वाभाविकच होते. मोडी ही हाताची लिपी. लेखणी न उचलता शब्दामागून शब्द लिहीत जाणे हा तिचा गुण, आणि इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद सामान्यतः न पाळणे हे तिचे वैशिष्ट्य. वाचणाऱ्याने संदर्भाने समजून घ्यावे, ही तिची अपेक्षा असे.

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे शिक्षणविषयक टिपण १३ डिसेंबर १८२३ चे आहे. देशी शाळांतील अध्यापनाची पद्धत सुधारणे, शाळांची संख्या वाढविणे आणि त्यांना पुस्तके पुरविणे ह्या गोष्टींवर त्यात भर आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १८२२ मध्ये, शालोपयोगी पुस्तके व शाळा यांसाठी मुंबईत जी संस्था निघाली, तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तयार झालेले चोवीस शिक्षक १८२६ साली निरनिराळ्या जिल्ह्यांत नेमले गेले. पश्चिम भारतातील शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासात ह्या चोवीस जणांना मानाचे स्थान मिळते ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या नेमणुकीचा आणखी एक अर्थ आहे, तो सहसा लक्षात घेतला जात नाही. छापलेल्या बाळबोध अक्षराचे पुस्तक हाती धरून शिकविणाऱ्या शिक्षकांची ही पहिली पिढी होती.

छापील बाळबोधाने शिक्षकावर एक नवी जबाबदारी टाकली. पहिली वेलांटी कोठे, दुसरी कोठे, उकार ऱ्हस्व की दीर्घ, हा प्रश्न मोडी लिहिणाऱ्याला फारसा पडत नसे. तो आता प्रत्येक ओळीला पडू लागला, कारण छापलेली प्रत सर्वांपुढे एकच होती आणि तिच्याशी ताडून पाहता येत होते. पुढे 'शुद्धलेखन' म्हणून जो विषय शाळेत स्थिरावला, आणि ज्याचे नियम मराठी साहित्य महामंडळाने सुचविल्यावर शासनाने १९६२ साली मान्य केले, त्याची मुळे छापखान्यात आहेत. नवे साधन आले की त्याच्याबरोबर अक्षराविषयीचे एक नवे ज्ञान येते, आणि त्या ज्ञानाचे ओझे शेवटी प्राथमिक शिक्षकाच्या खांद्यावर येते. मात्र त्या काळी हे ओझे शिक्षकाला उचलता आले. छापील अक्षर हेच त्याच्या अध्यापनाचे द्रव्य होते. जे तो शिकला तेच दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहीत होता. मोडी आणि बाळबोध ह्या दोन्ही लिप्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शेजारीशेजारी नांदल्या, आणि दोन्ही शिकविणारा शिक्षक त्या दोहोंमधील भेद मुलांना समजावून सांगू शकत होता.

१८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते स्थापन झाल्यावर शिक्षकाच्या लेखणीला दुसरे काम लागले. हजेरीपट, जनरल रजिस्टर, मासिक पत्रक, तपासणीचे शेरे. ह्या कागदांची संख्या पुढे वाढतच गेली. तरीही फळ्यावरचे लेखन आणि रजिस्टरातील लेखन ही एकाच हाताची, एकाच अक्षराची कामे होती, हे ध्यानात ठेवावे. पुढील काळाशी तुलना करताना ही गोष्ट उपयोगी पडेल.

३

मधल्या काळातील यांत्रिक साधनांचा विचार थोडक्यात उरकता येतो. रेडिओ आणि दूरचित्रवाणी शाळेत आली, परंतु त्यांच्यापुढे शिक्षकही मुलांप्रमाणेच श्रोता किंवा प्रेक्षक होता. पुण्यात १९८४ साली स्थापन झालेल्या 'बालचित्रवाणी'ने मराठीत शैक्षणिक चित्रफिती तयार केल्या, आणि २०१७ साली ती संस्था बंद झाली. १९८४ मध्येच केंद्र शासनाने देशातील निवडक शाळांत संगणक देण्याची योजना सुरू केली. ती माध्यमिक शाळांपुरती असल्यामुळे प्राथमिक शिक्षकाचा तिच्याशी संबंध आला नाही. ह्या साधनांनी शिक्षकाला लिहावयास लावले नाही. म्हणून त्यांचा साक्षरतेशी संबंध वरवरचाच राहिला.

४

टंकलेखनयंत्राची गोष्ट वेगळी आहे. प्राथमिक शिक्षक ते वापरीत नव्हता हे खरे. पण देवनागरी अक्षराचे यांत्रिक विघटन प्रथम त्या यंत्राने केले, आणि त्याचे संस्कार संगणकावर आणि संगणकामार्फत शिक्षकावर झाले. म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे.

इंग्रजीसाठी रचलेल्या मर्यादित कळांत देवनागरीची अक्षरे, मात्रा आणि जोडाक्षरे बसवावयाची तर अक्षरे तोडणे भाग होते. ख, थ, ध, भ ह्यांसारखी अक्षरे अर्धी ठेवून त्यांना काना जोडला की ती पूर्ण होत. पहिली वेलांटी कागदावर व्यंजनाच्या डावीकडे येते. म्हणून ती आधी उमटवावयाची आणि व्यंजन नंतर. रफार वर आणि शेवटी येतो. म्हणून तो शेवटी उमटवावयाचा. थोडक्यात, यंत्राने अक्षराकडे चित्र म्हणून पाहिले. ध्वनीचा क्रम कोणता ह्याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. यंत्राच्या सोयीसाठी लिपीच बदलावी, असाही विचार त्या काळात झाला. सावरकरांनी पुरस्कारिलेली 'अ'ची बाराखडी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. लिपी फारशी बदलली नाही, आणि यंत्र तसेच राहिले.

संगणक आला तेव्हा मराठी मजकुरासाठी जे फॉन्ट प्रथम प्रचारात आले, त्यांपैकी पुष्कळांनी टंकलेखनयंत्राचाच वारसा चालविला. रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे तुकडे चढविलेले असत. अशा फॉन्टमध्ये तयार केलेली घटक चाचणीची प्रश्नपत्रिका तालुक्याच्या डीटीपी केंद्रात सुरेख छापून मिळे. पण तीच फाईल ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तेथे उघडली, तर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. शिक्षकाचा संगणकावरील मराठीशी पहिला परिचय अनेकदा असा झाला. हे अक्षर आपले नसून त्या दुकानातील यंत्राचे आहे, अशी समजूत त्यातून झाली असेल तर नवल नाही.

ह्याच काळात दुसरी एक परंपरा शांतपणे वाढत होती. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भारतीय लिप्यांसंबंधी जे काम सुरू झाले, ते पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'सी-डॅक'कडे आले. भारतीय लिप्यांसाठी एक समान संकेतप्रणाली ठरविण्यात आली; तिचे १९९१ चे रूप भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्याला 'इनस्क्रिप्ट' नावाच्या कळफलकाची जोड मिळाली. युनिकोडमध्ये देवनागरीला जी जागा मिळाली, तिची मांडणी ह्या प्रणालीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. ह्या परंपरेने अक्षराकडे चित्र म्हणून न पाहता वर्ण म्हणून पाहिले. 'कि' लिहावयाचे तर आधी क आणि मग वेलांटी. 'र्क' लिहावयाचे तर आधी र, मग हलन्ताचे चिन्ह, मग क. उच्चाराचा जो क्रम तोच साठवणीचा क्रम. वेलांटीला डावीकडे आणि रफाराला वर नेऊन बसविण्याचे काम यंत्राचे.

आता ह्या क्रमाची तुलना प्राथमिक शाळेत पिढ्यानपिढ्या म्हटल्या जाणाऱ्या बाराखडीशी करून पाहावी. 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, क ला दुसरी वेलांटी की.' हाताने लिहिताना कोणी वेलांटी आधी काढो वा मागाहून. म्हणताना मात्र व्यंजन आधी आणि स्वरचिन्ह नंतर, हा क्रम कधीही चुकत नाही. संगणकशास्त्रज्ञांनी जो क्रम मानक म्हणून स्वीकारला, तो पहिलीच्या वर्गातील घोषात आधीपासून होता. बाराखडी जिला पाठ आहे त्या शिक्षिकेला युनिकोडमधील अक्षररचनेचे मुख्य तत्त्व नव्याने शिकविण्याची गरजच नव्हती. ते तिच्या जिभेवर असलेले ज्ञान आहे, एवढे तिच्या ध्यानात आणून देणे पुरेसे होते.

इनस्क्रिप्टच्या फलकाची रचना पाहिली तर हे अधिकच स्पष्ट होते. स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताला, व्यंजने मुख्यत्वे उजव्या हाताला. पाचही वर्ग उभ्या जोड्यांत मांडलेले. खालच्या कळीवर क, तिच्यावरच्या कळीवर ग. शिफ्टची कळ दाबली की त्याच दोन कळांवरून ख आणि घ. त-द, च-ज, ट-ड, प-ब ह्यांचीही हीच व्यवस्था. अल्पप्राणाचा महाप्राण करावयाचा तर शिफ्ट, आणि काना-मात्रेचा स्वर करावयाचा तर तीच शिफ्ट. ल च्या कळीवर ळ, र च्या कळीवर ऱ. हलन्ताच्या, म्हणजे 'अ' काढून टाकणाऱ्या चिन्हाच्या कळीवर शिफ्टसह 'अ' येतो, हा तर ध्वनिविचार जाणणाऱ्याला मौजेचा वाटावा असा योग आहे. अनुनासिके मात्र वर्गाबरोबर राहू शकली नाहीत, इकडेतिकडे विखुरली. एवढी उणीव मान्य केली पाहिजे. तरीही वर्णमालेचा तक्ता भिंतीवर लावून जो वर्गांची ओळख करून देतो, त्याला हा फलक परका वाटण्याचे कारण नव्हते. व्यवहारात तो परकाच राहिला. बाजारात मिळणाऱ्या कळफलकांवर बहुधा फक्त इंग्रजी अक्षरे छापलेली असत, हे त्याचे साधे आणि पुरेसे कारण आहे.

बाराखडी आणि युनिकोड ह्यांचा मेळ सर्वस्वी बसतो असे मात्र म्हणता येणार नाही. 'क ला काना मात्रा को' असे शाळेत म्हणतात. ते लेखनाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण युनिकोडमध्ये ओकाराचे चिन्ह एकच, अखंड आहे. म्हटल्याप्रमाणे आधी काना आणि मग मात्रा वेगळी दिली, तर पडद्यावर कधीकधी तसेच दिसणारे अक्षर उमटते. परंतु यंत्राच्या लेखी तो शब्द निराळा ठरतो आणि शोधल्यास सापडत नाही. क्ष आणि ज्ञ ही वर्णमालेच्या शेवटी स्वतंत्र म्हणून शिकविली जाणारी अक्षरे. युनिकोडमध्ये त्यांना स्वतंत्र संकेतांक नाही, ती जोडाक्षरेच आहेत. मराठीपुरता सर्वांत महत्त्वाचा भेद 'ऱ्य' आणि 'र्य' ह्यांचा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग; 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ह्यांतील फरक तर विनोदाचाच विषय झाला आहे. हे अर्धे ऱ लिहिण्यासाठी नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो, ही माहिती ज्यांना नव्हती त्यांनी डोंगरातल्या दऱ्यांचे समुद्र केले. हे अज्ञान शिक्षकाचे म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण त्याला ते कोणी सांगितले होते काय, हा प्रश्न त्याआधी विचारला पाहिजे.

५

सांगण्याची संधी नव्हती असे नाही. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने 'एमएस-सीआयटी' हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि थोड्याच वर्षांत तो राज्यात घरोघरी माहीत झाला. शासकीय कर्मचाऱ्यांप्रमाणे जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनाही तो उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. त्यासाठी ३१ डिसेंबर २००७ ही मुदत होती, आणि ती न पाळणाऱ्यांच्या वेतनवाढीचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. ह्या अभ्यासक्रमाने हजारो शिक्षकांची यंत्राविषयीची भीती मोडली, हे त्याचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पन्नाशीला आलेले गुरुजी आपल्याच माजी विद्यार्थ्याच्या शेजारी बसून माऊस धरावयास शिकले, ही गोष्ट सामाजिक दृष्ट्याही लहान नाही.

परंतु हा अभ्यासक्रम सर्वांसाठी एकच होता. कारकून, नोकरीच्या शोधातील पदवीधर आणि प्राथमिक शिक्षक ह्यांना त्याने एकाच बाकावर बसविले. पत्र कसे लिहावे, तक्ता कसा करावा, चित्रफलक कसा मांडावा, महाजालावर कसे जावे, हे त्याचे विषय. सहा वर्षांच्या मुलाला यंत्राच्या साह्याने अक्षर कसे दाखवावे, हा त्याचा विषय नव्हता, आणि त्या अभ्यासक्रमाकडून तशी अपेक्षा करणेही वाजवी झाले नसते. दोष असेल तर तो हा की, हे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे शिक्षकाची संगणक-साक्षरता पूर्ण झाली, असे गृहीत धरले गेले. युनेस्कोने शिक्षकांच्या माहिती-तंत्रज्ञानविषयक क्षमतांची जी चौकट २००८ मध्ये प्रथम मांडली आणि २०११ व २०१८ मध्ये सुधारली, तिच्यातही धोरण, अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, तंत्रकौशल्य, व्यवस्थापन आणि शिक्षकाचा व्यावसायिक विकास अशी सहा अंगे आहेत. लिपी हे त्यांतील स्वतंत्र अंग नाही. रोमन लिपीत व्यवहार करणाऱ्यांना त्याची उणीव भासली नसावी. देवनागरीत पहिलीचा वर्ग चालविणाऱ्यांना ती भासावयास हवी होती.

२०१५ हे वर्ष ह्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात राहील. २२ जून २०१५ च्या निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच पावसाळ्यात 'सरल' ही विद्यार्थी, शिक्षक व शाळा ह्यांची माहिती एकत्र करणारी संगणकीय प्रणाली आली. पहिल्याने शिक्षकाला वर्गात नवे काही करून पाहण्यास उत्तेजन दिले. दुसरीने त्याच्या रात्री घेतल्या. एकाच वेळी सर्व राज्यातून माहिती भरली जात असल्यामुळे संकेतस्थळ दिवसा मंदावे, आणि म्हणून शिक्षक रात्री उशिरा किंवा पहाटे उठून, गावात जोडणी नसेल तर तालुक्याच्या सायबर कॅफेत बसून रकाने भरीत. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका ही कामे वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामास लावण्यास मनाई केली आहे. माहिती भरणे हे शैक्षणिक काम की अशैक्षणिक, हा वाद कायदेपंडितांनी सोडवावा. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, प्राथमिक शिक्षकाने ह्या वर्षांत यंत्रावर जे लेखन केले, त्याचा फार मोठा भाग वर्गासाठी नव्हे तर वरच्या कार्यालयासाठी होता. एकोणिसाव्या शतकातील मासिक पत्रकाचे हे वंशज होते. फरक एवढाच की आता रजिस्टरातील हात आणि फळ्यावरील हात एक राहिले नव्हते. फळ्यावर तो मराठी अक्षर लिहीत होता, आणि पडद्यावर पुष्कळदा इंग्रजी नावे व आकडे.

६

ह्या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती शिक्षकांनी स्वतः निर्माण केली. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा 'डिजिटल शाळा' म्हणून नावारूपाला आली, तेव्हा तेथे पुष्कळ ठिकाणचे शिक्षक पाहावयास गेले. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब, सौरपट्ट्या अशी साधने शाळाशाळांत येऊ लागली. यंत्र आले म्हणजे शाळा डिजिटल झाली, असा एक भाबडा समजही त्याबरोबर पसरला, हेही नमूद केले पाहिजे.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथे २००९ मध्ये रुजू झालेले रणजितसिंह डिसले यांचे काम ह्या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडले आणि त्यांतून कविता, ध्वनिफिती, पाठांच्या चित्रफिती, स्वाध्याय मुलांपर्यंत पोहोचविले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि पुरस्काराच्या दहा लक्ष डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली, हे सर्वविदित आहे. त्या मानाने कमी बोलली जाणारी गोष्ट अशी की, त्यांच्या कामाचा आरंभ यंत्रापासून झाला नाही, भाषेपासून झाला. पाठ्यपुस्तकाची भाषा ही त्या मुलांची मातृभाषा नव्हती. म्हणून पुस्तकातील आशय त्यांनी मुलांच्या भाषेत नेला, आणि संकेताचा चौकोन हा तो आशय पोहोचविण्याचा मार्ग झाला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतूनच असे संकेत छापले जाऊ लागले, आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या 'दीक्षा' ह्या राष्ट्रीय मंचावरील साहित्य त्यांना जोडले गेले. शिक्षकाची युक्ती शासनाची व्यवस्था झाली, याचे समाधान वाटते. मात्र व्यवस्था होताना शिक्षकाची भूमिका बदलली. जो संकेतामागील आशय रचीत होता, तो आता दुसऱ्याने रचलेला आशय उघडून दाखवू लागला.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा आली. साथीच्या त्या दोन वर्षांत वर्गच मोबाईलवर आला, आणि शिक्षकाला रोज, स्वतःच्या हाताने, मुलांसाठी मराठीत मजकूर लिहावा लागला. स्वाध्याय, शब्दांच्या याद्या, गोष्टी, पालकांना सूचना. फळ्याची जागा व्हॉट्सॲपच्या गटाने घेतली. कार्यालयासाठी नव्हे तर मुलासाठी यंत्रावर लिहिणे, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच घडले. आणि येथेच अक्षराचा प्रश्न, जो दोन दशके बाजूला ठेवला गेला होता, तो समोर उभा राहिला.

मोबाईलवर मराठी लिहिण्याची जी रीत सर्वांत अधिक रूढ झाली ती रोमन लिपीतून. इंग्रजी अक्षरांत शब्द लिहावा, यंत्र त्याचे मराठी रूप सुचविते, त्यांतून निवडावे. ही सोय आहे यात शंका नाही, आणि तिच्यामुळे मराठीत लिहिणाऱ्यांची संख्या अपरिमित वाढली हेही खरे. परंतु ह्या रीतीत लेखक न आणि ण, ल आणि ळ, ऱ्हस्व आणि दीर्घ ह्यांतील निवड स्वतः करीत नाही. यंत्राने मांडलेल्या शब्दांतून ती उचलतो. 'पाणी' लिहिताना जो 'ण'चा विचार हाताने होत असे, तो आता डोळ्याने, आणि तोही घाईत, होतो. सामान्य लेखकाच्या बाबतीत ही गोष्ट क्षम्य मानता येईल. पण न-ण आणि ल-ळ ह्यांचा भेद ऐकावयास व लिहावयास शिकविणे हेच ज्याचे काम, त्याने आपल्या लिपीकडे इंग्रजीच्या दारातून जावे, ह्यात एक विपरीतता आहे. छापखान्याने शिक्षकाला अक्षराच्या अधिक जवळ नेले होते. ही रीत त्याला अक्षरापासून एक पाऊल दूर नेते.

७

अक्षराच्या रूपाचाही प्रश्न येथे अलग करता येत नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला व अक्षररूपे निश्चित केली. त्यात 'ल' आणि 'श' ह्यांची मराठी वळणाची रूपे प्रमाण ठरविली गेली, आणि 'बॅट', 'ऑफिस' ह्यांसारख्या शब्दांतील स्वरांना वर्णमालेत स्थान मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी, २००८ मध्ये, युनिकोडने 'ॲ' ह्या अक्षराला स्वतंत्र संकेतांक दिला होता. 'ॲप' हा शब्द आज सरळ लिहिता येतो तो त्यामुळे. परंतु 'ल'ची स्थिती वेगळी आहे. मराठी वळणाचा, उजवीकडे काना नसलेला दोन पाकळ्यांचा ल आणि हिंदी वळणाचा कान्याचा ल, ह्या दोहोंचा संकेतांक एकच. कोणते रूप दिसावे, हे फॉन्टवर आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदली आहे की नाही ह्यावर अवलंबून असते. मराठी रूप देणारे फॉन्ट उपलब्ध आहेत, ती नोंद करण्याची सोयही आहे; परंतु यंत्राबरोबर आपोआप येणाऱ्या फॉन्टमध्ये बहुधा हिंदी वळणाचेच रूप पुढे येते.

प्रौढ वाचकाला ह्या फरकाने काही अडत नाही. तो दोन्ही रूपे वाचतो, आणि बहुधा फरक त्याच्या लक्षातही येत नाही. पहिलीतील मुलाचे तसे नाही. त्याच्या पाठ्यपुस्तकात 'ल'चे एक रूप असते, बाई फळ्यावर तेच रूप काढतात, वहीत ते तेच गिरविते. आणि बाईंनी आदल्या रात्री कष्टाने तयार करून आणलेल्या छापील अक्षरपत्रावर, किंवा भिंतीवर उजळलेल्या पडद्यावर, त्याच 'ल'च्या जागी दुसरेच अक्षर असते. मूल बोट ठेवून विचारते की हे काय. एकोणिसाव्या शतकातील शिक्षकाला मोडीतील आणि बाळबोधातील अक्षरांविषयी हाच प्रश्न येत होता, आणि त्याला उत्तर ठाऊक होते, कारण दोन्ही लिप्या त्याला शिकविलेल्या होत्या. आजच्या बाई लेखणी घेऊन पत्रावरील 'ल' मराठी वळणाचा करून देतात, आणि तीस पत्रे असली तर तीस वेळा करतात.